झेंड्याच्या ओट्यावरचं राज्य

गिरणीतून दळण घेऊन परत येत होते, तेव्हा मैदानाच्या कुंपणापलीकडून प्रांजलचं हसणं ऐकू आलं. आधी नुसता श्वास आत ओढल्यासारखा आवाज, मग उचकी लागल्यासारखं काहीतरी, आणि मग एकदम खळखळाट. ते हसणं माझं होतं. म्हणजे हसायची प्रांजलच, पण तिच्यातून ते काढायचं कसं हे फक्त मला ठाऊक होतं. तिच्या पप्पांना ते कधी जमलं नव्हतं, माझ्या सासूबाईंनाही नाही. आणि आता मी कमरेवर गरम पिठाचा डबा घेऊन रस्त्यात उभी होते आणि माझ्याशिवाय ती हसत होती.

कुंपणाशी जाऊन पाहिलं, तर झोपाळ्यावर एक बाई बसली होती. तिच्या मांडीवर प्रांजल. बाईनं एका हातानं साखळी धरली होती, दुसऱ्या हातानं माझ्या मुलीला पोटाशी धरलं होतं, आणि प्रत्येक झोक्याला ती "गेलो, गेलो, गेलो" म्हणत होती. मोकळी चाकाची खुर्ची बाजूला उभी. आणि प्रांजलचे पप्पा, ज्यांच्या भरवशावर मी तिला सोडून गेले होते, ते लिंबाखाली बसून पेपर वाचत होते.

"अहो, ती कोण?" मी विचारलं.

"कर्णिक मॅडम. नवीन चीफ केमिस्ट आलेत ना ठाण्याहून, त्यांच्या मिसेस. आपणहून म्हणाल्या, घेऊ का हिला झोपाळ्यावर."

"आणि तुम्ही दिली?"

"मग काय पावती करून द्यायची होती?"

बाईनं मला पाहिलं आणि पाय टेकवून झोपाळा थांबवला. "तुम्ही प्रांजलच्या आई ना? किती गोड हसते हो ही."

"हो," मी म्हटलं. "घरी रोज हसते."

असं म्हणून मी डबा खाली ठेवला आणि प्रांजलला उचलून घेतलं. तिनं माझ्या खांद्यावरून मागे हात केला. त्या बाईकडे. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण चेहऱ्यावर मी काही दिसू दिलं नाही. तेवढं मला जमतं.

प्रांजल तेव्हा नऊ वर्षांची होती. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे पायांत जोर नाही, डावा हात थोडा अखडलेला, बोलणं सावकाश पण स्वच्छ. डोकं मात्र असं चालायचं, की कॉलनीतल्या कुणाला कुठला शब्द लागतो हे तिला माहीत असायचं. आम्ही साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचो, सातारा जिल्ह्यात. हे बॉयलरवर होते. कॉलनीच्या मधोमध मुलांचं मैदान होतं. गंजलेली घसरगुंडी, दोन झोपाळे, एक फिरतं चक्र, आणि झेंडावंदनासाठी बांधलेला सिमेंटचा उंच ओटा, त्याला तीन बाजूंनी पायऱ्या. रोज संध्याकाळी मी प्रांजलला तिथे न्यायचे.

आणि आम्ही नुसतं बघत बसायचो असं नाही. आम्ही खेळायचो. पहिल्याच दिवशी मी पोरांना सांगून टाकलं होतं, "हिला लिंबूटिंबू घ्या रे." लिंबूटिंबू म्हणजे खेळात असतो, पण आऊट होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. लहान भावंडांना पोरं असंच घेतात. पोरांनी मान डोलावली. मग संध्याकाळभर मी पदर खोचून खुर्ची ढकलत पोरांच्या मागे धावायचे, प्रांजल हात लांब करून एखाद्याला शिवायची, तो "अरे बापरे" म्हणून हसायचा आणि पुढे पळायचा. कॉलनीतल्या बायका ओट्यावर बसून बघायच्या. "उज्ज्वलाचं कौतुक आहे हो," असं म्हणायच्या. ते माझ्या कानावर यायचं आणि मला आवडायचं. का आवडू नये?

तर या मैदानात कर्णिकबाई आल्या.

आठवड्याभरात प्रांजल त्यांना "चारूकाकू" म्हणायला लागली. नाव चारुलता. कॉलनीत साहेबांच्या बायकांना सगळे मॅडम म्हणतात, मीही म्हणायचे. माझी मुलगी मात्र त्यांना नावानं हाक मारायची आणि त्या "ओ" द्यायच्या. घरी आल्यावर तेच. चारूकाकूंचे केस कसे कापलेत. चारूकाकूंना शिट्टी येते. चारूकाकू म्हणतात, माझा आवाज रेडिओवर चालेल.

"चारूकाकूंना भाकरी येते का?" मी एकदा विचारलं.

"माहीत नाही," प्रांजल म्हणाली. "उद्या विचारते."

हे ताटावर बसले होते. मिशीतल्या मिशीत हसले. मी त्यांच्या वाटीत आमटी जरा जोरातच ओतली.

पण खरी मिरची झोंबली ती पुढे. मैदान दुरुस्त करून द्या, चाकाची खुर्ची जाईल असा एक तरी रस्ता करा, पाठीला टेकू असलेला झोपाळा करा, हे मी सहा वर्षं सांगत होते. दरवर्षी बॉयलर पेटवायचा कार्यक्रम असतो, संचालक येतात, पूजा होते, पेढे वाटतात. तेव्हा मी पुढे होऊन सांगायचे. सगळे म्हणायचे, "करू की वहिनी, का नाही करणार?" दुसऱ्या दिवसापासून गळीत सुरू. गळीत सुरू झालं की कारखान्यात माणसाला डोकं खाजवायला फुरसत नसते. माझं सांगणं उसाच्या चिपाडाबरोबर चुलीत जायचं.

कर्णिकबाई आल्या त्या वैशाखात. गळीत संपलेलं, वर्कशॉपमधले वेल्डर-फिटर सुटे भाग दुरुस्त करत निवांत बसलेले. बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या सहज वर्कशॉपमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, "मुलांसाठी एक झोपाळा कराल का?" बाबर मिस्त्री म्हणाले, "करू की." आणि केला. जुन्या कन्व्हेयरच्या रबरी पट्ट्यातून खुर्चीसारखी बैठक, मागे पाठ, पुढे पट्टा. चार दिवसांत. मग काय, काम लागलंच. फिरत्या चक्राचा एक कठडा कापून खुर्ची आत सरकेल अशी जागा केली. रसाची एक फुटकी टाकी आडवी कापून तिला पाय लावले, त्यात वाळू भरली, म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या वाळूत खेळता येईल. गेटपासून झोपाळ्यापर्यंत गाठी मारलेला दोरखंड बांधला, साळुंख्यांच्या सुमीसाठी. सुमीला दिसत नव्हतं. ती कधी मैदानात येत नसे. आमच्यापासून चौथ्या घरात राहायची, आणि तिला मैदानात कसं आणावं हा विचार मला कधी सुचला नव्हता. त्या नव्या बाईला सुचला.

"सहा वर्षं मी घसा कोरडा केला," मी यांना म्हणाले. "आणि ही बाई येते काय आणि सगळं होतं काय."

"अगं, पण होतंय ना? आपल्या पोरीसाठीच होतंय. तुला बरं वाटायला नको का?"

"वाटतंय की."

"असं वाटतं बरं? तोंड बघ आरशात."

मी नाही बघितलं. मला बरं वाटत नव्हतं. सगळी कॉलनी आता म्हणत होती, "कर्णिक मॅडमचं कौतुक आहे हो." तेच शब्द, फक्त नाव बदललेलं. आणि प्रांजल घराच्या खिडकीत बसून वाट बघायची, ती माझी नाही. मी तर घरातच होते.

ओट्याला उतार करायचं ठरलं तेव्हा बाबर मिस्त्रींनी मला बोलावलं. एका बाजूच्या पायऱ्या फोडून तिथे लोखंडी पत्र्याचा उतार टाकला होता, अजून पक्का केला नव्हता. "वैनी, पोरीला घालून बघा जरा. बरोबर हाय का?"

कर्णिकबाई तिथेच होत्या. मी प्रांजलची खुर्ची उताराशी आणली, नेहमीसारखा रेटा दिला आणि एका दमात वर नेली. वर गेल्यावर प्रांजलनं इकडेतिकडे पाहिलं. त्या ओट्यावर ती पहिल्यांदाच गेली होती, उचलून नेल्याशिवाय.

"बरोबर आहे," मी मिस्त्रींना म्हणाले. "पक्का करून टाका."

"थांबा हं, उज्ज्वलाताई," कर्णिकबाई म्हणाल्या. आणि मला न विचारता, प्रांजलच्या समोर उकिडव्या बसल्या. "प्रांजल, तुला चालेल हा?"

माझ्यासमोर. मी तिची आई तिथे उभी असताना. मिस्त्रींनी मान खाली घातली आणि उगाच पाना पुसायला लागले.

प्रांजल म्हणाली, "मला एकटीला चढून बघायचंय."

"अगं, मी आहे ना ढकलायला," मी म्हटलं.

"तू आहेस. पण मला बघायचंय."

खाली नेलं. तिनं चाकांना हात लावले. उजवा हात जोर करायचा, डावा मागे राहायचा, खुर्ची तिरकी व्हायची. हातभर वर जायची आणि मागे घसरायची. मी दोनदा पुढे झाले आणि दोनदा कर्णिकबाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. प्रांजलच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्यांदा घसरल्यावर ती म्हणाली, "उभा आहे. लांब पाहिजे."

"लांब करायला जागा लागंल," बाबर मिस्त्री म्हणाले. "वळवून घ्यावा लागंल, ओट्याला येढा घालून."

"मग घाला वेढा," कर्णिकबाई म्हणाल्या.

मला खरंच कळेना यात अडलंय कुठे. मी ढकलणारच होते. सहा वर्षं ढकलत होते, उद्याही ढकलणार होते. त्या बाईच्या मुलाला पाय होते, तिला काय कळतंय आमचं? घरी येताना मी प्रांजलला म्हटलं, "माझे हात काही मोडले नाहीत अजून." तिला कुठे गप्प बसायचं हे बरोबर कळायचं, बापावर गेली आहे.

तरी एक गोष्ट फक्त माझ्याकडे आली. झोपाळ्याचा पट्टा रबरी होता, मुलांच्या पोटाला काचायचा. त्याला मऊ अस्तर हवं होतं. गोधडी शिवावी तर मीच, हे कॉलनीत सगळे मानायचे. कर्णिकबाई जुन्या साड्या घेऊन माझ्या घरी आल्या. मी चहा ठेवला. प्रांजल दुपारची झोपली होती. बाईंना सुई धरता येत नव्हती, त्यांनी एक टाका घातला तो मी उसवला, मग त्या नुसत्या माझ्याकडे बघत बसल्या.

"तुमचा ईशान कुठे?" मी विचारलं. ईशान त्यांचा मुलगा, प्रांजलहून वर्षानं मोठा.

"असेल कुठेतरी. सांगून जात नाही. मी मैदानात आले की तो तिथून निघतो. परवा म्हणाला, मम्मी, तू सगळ्यांच्यात येत जाऊ नकोस."

"या वयात मुलं तशीच असतात."

"हो. सगळे असंच म्हणतात." त्यांनी कपातला चहा हलवला. "राग येणार नसेल तर एक सांगू? मला तुमचा हेवा वाटतो."

मी सुई थांबवली.

"तुम्ही खोलीत आलात की प्रांजल मान वळवते. न बघता. मी बघितलंय. माझ्याशी बोलत असते, हसत असते, आणि तुमची पावलं वाजली की अर्ध्या वाक्यात मान वळते. ईशाननं तसं कधी केलं, मला आठवत नाही. पाळणाघर, शाळा, माझी नोकरी, सगळ्यात ते राहूनच गेलं. आता नोकरी सोडून इथं आले, तर त्याला मी नको."

जिच्यावर महिनाभर मी आतल्या आत जळत होते, तीच बाई माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्यावर जळत होती. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. आल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना आग्रह करून चकली वाढली. त्या गेल्यावर अस्तराचे उरलेले टाके मी गुणगुणत घातले. ज्याचा हेवा वाटावा असं काहीतरी माझ्यापाशी होतं, आणि ते ती बाई झोपाळ्यानं किंवा शिट्टीनं नेऊ शकणार नव्हती.

ते दोन आठवडे मी मैदानात ताठ मानेनं गेले. प्रांजल त्यांच्याशी बोलत असली की मी मुद्दाम चपला वाजवत यायचे आणि तिची मान वळते का ते बघायचे. वळायची. मग कर्णिकबाईंकडे बघायचे.

मैदान तयार झालं. अध्यक्षांच्या सूनबाईंनी फीत कापली, नारळ फुटला, आम्हा बायकांना ओट्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. भाषण एकच झालं आणि ते लहान होतं. त्यात माझं नाव नव्हतं, कर्णिक मॅडमचं होतं. मी टाळ्या वाजवल्या. पाहुणे गेले आणि पोरं मैदानात घुसली. ओट्याभोवती वेढा घालून चढणारा लांब उतार आता पक्का झाला होता, त्याला दोन्ही बाजूंनी पाइपाचा कठडा होता.

"डोंगर की पाणी" खेळायचं ठरलं. ज्याच्यावर राज्य त्याला बाकीचे विचारतात, "डोंगर की पाणी?" तो पाणी म्हणाला, तर सगळी सखल जागा त्याची, बाकीच्यांनी उंचावर चढायचं. डोंगर म्हणाला, तर उंचवटे त्याचे, बाकीच्यांनी खाली राहायचं. मग त्याच्या हद्दीत पाय टाकून त्याला चिडवायचं, आणि त्यानं शिवलं की आऊट. आमची पोरं हा खेळ जन्मापासून खेळत आली. प्रांजल आजवर कायम पाण्यात असायची, डोंगरावर तिला जाताच येत नव्हतं.

पोरं रिंगण करून चकायला लागली. हात उपडे-सुलटे टाकून एकेक जण सुटायला लागला. मी ओट्यावरून उठले, पदर खोचला आणि खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिले. प्रांजलनं रिंगणात हात पुढे केला.

"तू कशाला चकतेस?" मी म्हटलं. "तू लिंबूटिंबू ना?"

"नाही," प्रांजल म्हणाली.

पोरं माझ्याकडे बघायला लागली. त्यांना सवय होती, प्रांजलचं काय ते काकू ठरवणार. ईशान कर्णिक मात्र नवा होता. तो म्हणाला, "ती खेळतेय की नाही? खेळतेय तर चकू दे. आऊट झाली तर राज्य तिच्यावर."

"तिला झेपणार नाही रे बाळा."

"मग रडेल थोडी," ईशान म्हणाला. "मी पण रडलो होतो पहिल्यांदा."

मी कर्णिकबाईंकडे पाहिलं. वाटलं, आवरतील पोराला. त्या खाली मैदानात, ओट्यासमोरच्या झेंड्याच्या खांबाशी उभ्या होत्या, मुलानं पाहू नये म्हणून जरा आडोशाला.

आणि राज्य आलं. दुसरं कुणावर येईल? शेवटी पोरांतला गौरव आणि ती राहिले, गौरव सुटला. ती हरली आणि हसली. माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, तू वर जाऊन बस."

"आणि खुर्ची?"

"तू बस ना."

मी जाऊन बसले. माझे हात मांडीवर कसे ठेवायचे ते मला समजेना. पोरं ओरडली, "डोंगर की पाणी?"

"डोंगर," प्रांजल म्हणाली.

घसरगुंडीवर चढलेली, कट्ट्यावर उभी असलेली सगळी पोरं किंचाळत खाली उतरली. प्रांजलनं उताराशी खुर्ची वळवली आणि चढायला लागली. उजवा हात, डावा हात, मग कठडा धरून थोडा दम. सावकाश, पण मागे घसरत नव्हती. ओट्याच्या एका बाजूला दिसेनाशी झाली, दुसऱ्या बाजूनं पुन्हा दिसली. बायकांनी आपापल्या खुर्च्या उचलल्या आणि खाली उतरल्या. पोरीला जागा हवी म्हणून. मी उठलेच नाही. मला वाटलं, वर पोचल्यावर तिला कुणी तरी लागेल.

ती वर आली. लाल झालेली, केस कपाळाला चिकटलेले. सुमी साळुंखे एका मुलीचा हात धरून ओट्याच्या पायरीवर पाय ठेवून "तुझ्या डोंगरावर मी भात पेरते" म्हणून चिडवत होती. प्रांजल तिच्याकडे गेलीच नाही. सरळ माझ्याकडे आली, हात पुढे केला आणि माझ्या गुडघ्याला लावला.

"आऊट."

"अगं, मी कुठे खेळतेय?"

"काकू नाहीत खेळत," गौरवही म्हणाला.

"आई रोज खेळते की," प्रांजल म्हणाली. "तुमच्या सगळ्यांच्या मागे रोज कोण पळतं? आज तेवढी नाही खेळत का?"

पोरं विचारात पडली. तिचं म्हणणं खरं होतं. ईशान म्हणाला, "बरोबर आहे. काकू डोंगरावर होत्या. आऊट. राज्य काकूंवर."

खाली बायका हसायला लागल्या. मला उतरावंच लागलं. "डोंगर की पाणी?" पोरांनी विचारलं. मी म्हटलं पाणी, आणि सगळी उंचावर गेली. प्रांजल ओट्यावरच होती. आता मी मैदानात एकटी, पदर खोचलेली, आणि पुढे ढकलायला काही नाही.

पोरं पाण्यात पाय टाकून चिडवायची आणि मी धावले की वर पळायची. प्रांजल उतारावरून खाली आली, चाकं मातीत घातली आणि म्हणाली, "आई, तुझ्या पाण्यात मी केस धुते." मी तिच्याकडे धावले. म्हणजे धावल्यासारखं केलं. ती वळेपर्यंत थांबले, ती उतारावर चढली तेव्हा हात लांब केला आणि "अरेरे, सुटली" म्हटलं.

ती उतारावर थांबली. हसली नाही. "असं नको ना करू."

"कसं?"

"असं हळू. ते सगळे रोज माझ्याशी असंच पळतात. नीट पळ."

ती पुन्हा खाली आली. या वेळी जरा लांब, फिरत्या चक्रापर्यंत. मला दिसत होतं की तिला वळायला वेळ लागणार. तिलाही ते माहीत होतं. तिनं माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाली, "तुझ्या पाण्यात मी पाय धुते."

मी पळाले. खरी पळाले, माहेरच्या गावात मुली पळायच्या तशी. तिनं घाईनं खुर्ची वळवली, एक चाक मातीत रुतलं, तिनं ते सोडवलं, उताराच्या तोंडाशी आली. अजून हातभर जागा मिळाली असती तर ती सुटली असती. मी तिच्या खांद्यावर थाप मारली.

"आऊट," मी म्हटलं. मला धाप लागली होती.

प्रांजलनं माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ थरथरले, डोळे भरले, नाक लाल झालं. "चीटिंग," ती म्हणाली. "चाक अडकलं होतं माझं."

"अडकलं तर अडकलं," ईशान वरून ओरडला. "आऊट म्हणजे आऊट."

मी खाली वाकले. तिला जवळ घ्यायला हात पुढे केले, सवयीनं. तिनं माझे हात बाजूला सारले. खुर्ची वळवली आणि निघाली. मला वाटलं, घराकडे निघाली. ती झेंड्याच्या खांबाकडे गेली, जिथे कर्णिकबाई उभ्या होत्या. पूर्ण अंतर एकटी, मध्ये एकदा डोळे पुसायला थांबून. आणि तिथे पोचल्यावर मोठ्यानं रडत म्हणाली, "चारूकाकू, आईनं मला आऊट केलं."

कर्णिकबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. हेवा वाटला का? वाटला. मी तिथे मैदानाच्या मधोमध घामानं भिजलेली उभी होते आणि माझी मुलगी दुसऱ्या बाईच्या कमरेला तोंड लावून माझ्याबद्दल रडत होती. मी मात्र जागची हलले नाही.

शाळेतल्या बाईंची, डॉक्टरांची, पप्पांची, आजीची, देवाचीसुद्धा, सगळ्या जगाची गाऱ्हाणी प्रांजल नऊ वर्षं माझ्याकडे करत आली होती. माझं गाऱ्हाणं करायला मात्र तिला आजवर कुणीच नव्हतं.